बूस्टर बसवायला दोघी लागतात

ताई, गाडी झाली. ब्रेक लागतो. आज सकाळी गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ते बघणाऱ्या वॉरंटवाल्याने रोलरवर चढवून तपासली आणि "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणत काचेवर स्टिकर लावून दिला. हे आधी सांगून टाकते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस, आणि उत्तर मिळेपर्यंत माझं बाकी काही ऐकून घेतलं नसतंस.

बाकीचं आता ऐक.

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी माउंट रॉस्किलच्या हॉलमध्ये तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, आणि मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलायला लागला. कशाला खोटं बोलू, मला ते ऐकवेना. कोणी म्हणालं, तू सदा हसतमुख होतीस. तू? सकाळचा चहा पोटात जायच्या आत तुला हाक मारायची कोणाची टाप नव्हती. कोणी म्हणालं, वैशालीवहिनी कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. माझ्या शेजारी सचिनला एकदम खोकला आला. दिराला तू काय काय ऐकवलंयस ते त्याचं त्यालाच माहीत. मग माइक माझ्याकडे आला. "जाऊबाई, तुम्ही दोन शब्द बोला." मी उठले, फोटोकडे पाहिलं आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, रडू आवरेना बिचारीला. रडू नव्हतं ते. मला तुझा राग आला होता, आणि पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकांसमोर मी गेलेल्या माणसाशी भांडायला लागले असते तर ते बरं दिसलं नसतं. म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

राग कसला, ते तुला सांगायला नको. तुझी पोर माझ्याशी बोलत नव्हती.

मैत्री त्या हॉलमध्ये पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसली होती. जिला मी बालवाडीतून घरी आणायचे, टाकानिनीत आपण एका भिंतीला दोन घरं घेतल्यापासून जी स्वतःच्या घरापेक्षा माझ्या फ्रिजपाशी जास्त सापडायची, ती पोरगी माझ्यासमोरून "एक्सक्यूज मी" म्हणून निघून गेली. ओरडत नव्हती, दार आपटत नव्हती. मी डबा घेऊन गेले की तो दारातच घ्यायची आणि म्हणायची, "थँक यू, वी आर फाइन." बँकेत समोरच्या माणसाशी बोलावं तसं. चार शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं मला, पण हे सहन होत नव्हतं. सतरा वर्षांची झाली तुझी मुलगी, आणि गप्प बसून समोरच्याला सोलून काढायची कला तिने नेमकी तुझी उचलली आहे.

मला आधीपासून माहीत होतं, हे तिला कळलं वॉर्डात. ती भली नर्स होती ना, तुझी उशी सारखी नीट करणारी, ती मैत्रीला म्हणाली की तुझी आंटी जुलैपासून किती करतेय तुमच्यासाठी, तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं हे किती बरं झालं. मैत्रीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जुलै?" एवढंच. तिला आपण सांगितलं होतं सप्टेंबर संपताना, तुला ॲडमिट करायची वेळ आली तेव्हा. तोवर तिच्या लेखी तुझा अशक्तपणा औषधांमुळे होता आणि औषधं चांगली चालली होती. बापावर रागवायची तिची हिंमत नव्हती, कारण आता तोच एक उरणार होता. तुझ्यावर तर रागवायची सोयच नव्हती. राहता राहिले मी.

तर जुलै.

तुझी ती जुनी चंदेरी गाडी. इथल्या जुलैच्या थंडीतल्या एका सकाळी तू मला स्टेशनवर सोडायला निघालीस, आणि उतारावर सिग्नलपाशी तू ब्रेक दाबलास तर पेडल दगडासारखं घट्ट. दोन्ही पायांनी उभी राहिलीस त्याच्यावर. पुढच्या ट्रकच्या मागे जेमतेम थांबलो. माझे हातपाय गार पडले होते आणि तू कान लावून ऐकत होतीस. "हिस्स येतंय, ऐकू आलं?" म्हणालीस. "बूस्टर गेला." जसं काही पाहुणे गेले. घरी कशीबशी हळूहळू आणलीस, दारात इंजिन बंद करून पेडल पुन्हा पुन्हा दाबलंस, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलंस. पेडल जरा खाली जायला हवं होतं, ते गेलं नाही. "बघ," म्हणालीस. मी काय बघणार? मी सॉफ्टवेअर टेस्टर. काय बिघडलंय ते सांगते, दुरुस्त दुसऱ्यांनी करायचं, हे माझं पोट भरायचं साधन.

गॅरेजवाला करून देत होता. भाऊजीही म्हणाले, देऊन टाकू. पण तू मेकॅनिकल इंजिनिअर, पॅकेजिंगच्या कारखान्यात सगळ्या मशिन्सची देखभाल तुझ्याकडे, तू कशी देणार? "एक शनिवारचं काम आहे. रश्मी आहे की मदतीला." मला विचारलंही नाहीस. मी तेव्हा कुरकुरले, पण आता वाटतं, तुला त्या आठवड्यात हातांना काहीतरी काम हवं होतं, आणि लोकांना तोंड दिसणार नाही अशी जागा हवी होती. ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की ब्रेक दाबायला आपला पाय पुरत नाही. इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला बूस्टर नावाचा काळा, गोल, पातेल्याएवढा डबा चिकटलेला असतो. आत रबराचा पडदा. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि त्या जोरावर तो आपल्या पायाला हात देतो. पडदा फाटला की मदत बंद, मग उरतो नुसता आपला पाय. हे तू मला मॅन्युअलमधून वाचून दाखवत होतीस, चष्मा डोक्यावर आणि मॅन्युअल हातभर लांब धरून. आपलं पहिलं भांडण तिथेच. मी म्हटलं, ताई, चष्मा डोळ्यांवर घालतात. तू म्हणालीस, तू नळी काढ.

काम असं की एकटीने होतच नाही. एकीने बॉनेट उघडून इंजिनावर वाकायचं. हवेची नळी काढायची, पुढचा, ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर दोन नटांवरून सोडवून पाइप न वाकवता अलगद पुढे ओढून ठेवायचा. तो मी माझ्या जुन्या ओढणीने बांधून ठेवला होता, तर तुला केवढं कौतुक. दुसरीने ड्रायव्हरच्या सीटखालच्या जागेत उताणं झोपायचं, डोकं पेडलांत, पाय बाहेर फरशीवर. पेडलाला जोडलेल्या दांड्याची पिन काढायची आणि बूस्टर भिंतीला धरून ठेवणारे नट सोडायचे. ते नट दिसत नाहीत, हाताला लागतात. खाली तू. वर मी. मधे पत्रा. इतकी वर्षं तुला "अहो ताई, तुम्ही" म्हणत होते मी. त्या दुपारी बोटावर पाना पडला तेव्हा "अगं ताई, थांब ना, मेले मी" असं ओरडले, आणि तिथून पुढे तू ती तूच राहिलीस. तुला ते आवडलं होतं. बोलली नाहीस कधी.

आणि तो मसाल्याचा डबा. नट उलटेसुलटे होऊ नयेत म्हणून तू आईंचा मिसळणाचा डबा रिकामा करून आणलास. मोहरीच्या वाटीत मास्टर सिलिंडरचे, जिऱ्याच्या वाटीत भिंतीचे, हळदीच्या वाटीत पिन आणि तिची ती छोटी क्लिप. सासूबाई तेव्हा इथेच होत्या, दुपारची झोप काढून उठल्या तर ओट्यावर मोहरी-जिऱ्याचे ढीग, आणि डब्यात तेलकट लोखंड.  आपण चहाला आत आलो तोवर डबा घासून, पुसून, मसाले भरून जागेवर ठेवला होता, आणि नट सगळे एकत्र लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. "सगळे सारखेच तर दिसतात," म्हणाल्या. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, आता काय होतंय. तू बरणी उचललीस, "बरं केलंत आई" म्हणालीस आणि गॅरेजमध्ये येऊन भिंतीला टेकून पोट धरून हसलीस. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

कारण चहाच्या आधी तू मला सांगितलं होतंस.

जुना बूस्टर निघाला. मी तो वरून ओढून बाजूला ठेवला, आणि पत्र्याच्या भिंतीत वाटीएवढं गोल भोक उघडं पडलं. त्या भोकातून तुझा आवाज आला. आधीही येत होता, पण पत्र्याआडून. आता अगदी कानाशी बोलल्यासारखा. "रश्मे, परवा रिपोर्ट आला. औषधाचा उपयोग होत नाहीये म्हणाले. थांबवू म्हणतात."

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. काहीतरी मूर्खासारखं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू वगैरे. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, मैत्रीच्या बाबांना माहीत आहे, आता तुला, बास. "मैत्रीला परीक्षा झाल्यावर सांगू. नोव्हेंबरात."

तिथे आपलं वाजलं. तुला आठवत असेल, मी किती चिडले. आपल्या लोकांत हे असंच चालतं, परीक्षा संपेपर्यंत कोणी मेलेलं नसतं. माझी बारावी चालू असताना आमचे आजोबा गेले. मला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. मधल्या काळात मी रोज फोन करायचे आणि घरातलं कोणी ना कोणी म्हणायचं, झोपलेत गं. मी तुला त्या भोकातून हे सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "आणि मग पास झालीस ना?" मी म्हटलं, झाले. पण अजून त्या घरी गेले की मला वाटतं ते आतल्या खोलीत झोपलेत. मला कोणी त्यांना जाऊच दिलं नाही, ताई. मैत्रीचं असं करू नकोस. ती लहान नाही, ती तुला ओळखते, तिला चाहूल लागेल आणि मग ती एकटी घाबरेल.

तू म्हणालीस, "रश्मी, ती माझी मुलगी आहे."

रश्मी म्हणालीस. रश्मे नाही. आम्हाला मूल नाही, आणि त्या वाक्यापुढे मला बोलता येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं.   मग जरा वेळाने तू आणखीही काही बोललीस, पण ते मागाहून सांगते. मग आपण चहाला गेलो.

त्यानंतर तुझं चालू झालं ते ढोंग. मी त्याला ढोंगच म्हणणार. मैत्रीसमोर तू इतकी छान वागायचीस की मला घाम फुटायचा. तिचे फिजिक्सचे पेपर काढायचीस, तिच्या मैत्रिणींच्या नकला करायचीस, तिने पोहायचे नवे टॉग्ज घेतले तर म्हणालीस, डिसेंबरात बीचवर जाऊ. डिसेंबरात! मी भांडी विसळत होते, हातातली बशी सुटली. तू मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस.

गाडी तशीच राहिली. रेकरकडे, म्हणजे जुन्या गाड्या फोडून भाग विकतात तिथे, चिखलात फिरून तू एक बूस्टर शोधून आणलास. घरी जुन्याशेजारी ठेवून मोजलास आणि तोंड वाकडं केलंस. पुढचा दांडा जरासा लांब. मी म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय, बसव. तू माझ्याकडे मीच लांब दांडा असल्यासारखं बघितलंस. "मग ब्रेक कायमचा थोडा धरलेला राहील. चालवणाऱ्याला कळणार नाही. चाकं तापत जातील आणि एक दिवस गाडी जागची हलणार नाही." तो परत केलास. बरोबर मापाचा कुरिअरने यायला वेळ लागला, आणि तो आला तोवर तुला वाकता येत नव्हतं. खोकं गॅरेजमध्ये ठेवून तू त्याच्याकडे बघत खुर्चीत बसायचीस. मी म्हणायचे, तू वरून सांग, मी सचिनला खाली झोपवते. तू म्हणायचीस, उद्या बघू, आज जरा दमलेय. तुला तो बसवायचाच नव्हता की काय, कोणास ठाऊक. काम संपलं असतं तर पुढे काय करायचं होतं?

तू गेलीस. दहाएक दिवस घरात माणसं होती, मग ती आपापल्या कामाला लागली. शुक्रवारी भाऊजी माझ्याकडे आले आणि दारात उभे राहूनच म्हणाले, "मंगळवारी टो-ट्रकवाला येतोय. गाडी भंगारात देऊन टाकतोय. मला गॅरेज उघडवत नाही." त्यांच्याकडे बघवत नव्हतं ताई, शर्टाची बटणं चुकीची लावली होती. मी म्हटलं, भाऊजी, लाँग वीकेंड आहे, मी ती उभी करते. ते म्हणाले, "रश्मी, तू?" त्यांना हसू आलं असतं, पण येऊ शकलं नाही.

शनिवारी सचिनला खाली झोपवला. तुझ्या दिराचं पोट स्टिअरिंगखाली अडकलं, त्याला बाहेर काढायला मला शेजारचा माणूस बोलवावा लागला. "किया ओरा, ऑल गुड?" असा इथला नमस्कार घालत त्याने याचे पाय धरून ओढले. रविवारी मी एकटीने प्रयत्न केला. बूस्टर वर टेकवून ठेवायचा, धावत जाऊन खाली झोपायचं, तोवर तो घसरलेला. पुन्हा वर. किती वेळा केलं ते विचारू नकोस. शेवटी इंजिनावर कपाळ टेकून रडले. तुझ्यासाठी पहिल्यांदा नीट रडले ते तिथे. पेट्रोलच्या वासात.

सोमवारी, इथल्या ऑक्टोबरातल्या लेबर डेच्या सुट्टीला, सकाळी तुमच्या घरी गेले. मैत्रीच्या खोलीच्या दारावर टकटक केलं. तिने उघडलं. मागे टेबलावर पुस्तकं पसरलेली, त्यातलं एकही उघडं नाही. मी म्हटलं, "उद्या गाडी जातेय. बूस्टर बसवायला दोघी लागतात. माझ्याशी बोलू नकोस. नुसती खाली झोप आणि नट लाव."

 ती माझ्या मागोमाग आली. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. मी म्हटलं, बूट घाल. परत गेली, बूट घालून आली. लोणच्याची बरणी मी तिच्या हातात दिली, आणि ती मुकाट्याने फरशीवर उताणी झोपून पेडलांत डोकं घालून आत सरकली. तुझ्याएवढीच उंच झालीय, पाय तिथवरच बाहेर येतात. मला वर जाऊन उभं राहायला जरा वेळ लागला.

बोललो ते एवढंच. हा नट छोटा आहे. नॉट दिस वन. टॉर्च डावीकडे धर. हीअर? हो. मास्टर सिलिंडर माझ्या ओढणीत होता तसाच लटकलेला होता. पत्र्यावरचं जुनं गॅस्केट, म्हणजे मधली पातळ पट्टी, मी खरवडून काढलं, नवं चिकटवलं. मग बूस्टर दोन्ही हातांनी उचलून भिंतीपाशी नेला. त्याचा दांडा भोकातून तिच्या बाजूला गेला.

"आय कॅन सी द रॉड," ती म्हणाली.

"मग आता ढकलते आत. बोल्ट बाहेर आले की लगेच नट फिरव."

"वेट. डोंट पुश इट इन येट."

मला वाटलं काही अडकलंय. मी बूस्टर तसाच बोटभर अंतरावर धरून ठेवला. तो आत बसला की भोक बंद होणार होतं, मग पत्र्यापलीकडचं नीट ऐकू येत नाही. हे तिला माझ्या आधी कळलं होतं. हात भरून आले. मी विचारलं, काय झालं गं?  मग ती हळू म्हणाली,

"वॉज शी स्केअर्ड?"

ताई, मी तुझ्याकडे बघितलं. म्हणजे कुठे बघणार, त्या काळ्या डब्याकडे. ओठांवर आलं होतं, नाही गं राणी, आई फार धीराची होती. हॉलमध्ये सगळे तेच तर म्हणाले. तुलाही तेच हवं असणार. तू एवढे महिने जे सांभाळलंस ते मी एका वाक्यात सांभाळू शकत होते. आणि तुझा तो आवाज कानात होताच, ती माझी मुलगी आहे.

"हो," मी म्हणाले. "खूप घाबरली होती."

 मग मी थांबलेच नाही. जुलैतल्या त्या दुपारी, भांडून झाल्यावर, तू त्याच जागी पडून मला जे म्हणालीस, ते मी आजवर सचिनलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते मी तिला सांगितलं. की तू रडलीस. तोंडावर हात दाबून, आत घरात ऐकू जाऊ नये म्हणून. की तू म्हणालीस, मला जायचं नाही गं रश्मे, मैत्रीला टाकून मला कुठे म्हणजे कुठे जायचं नाही. की तू मला विचारलंस, रोज रात्री ती झोपली की मी तिच्या दारात जाऊन उभी राहते, हे वेड्यासारखं आहे का? आणि मी वरून ती हवेची नळी नुसती घट्ट धरून उभी राहिले.

 बूस्टर पत्र्यावर आपटत होता. खालून तिचा आवाज आला, इतका बारीक की मला वाकून कान भोकापाशी न्यावा लागला.

"आय थॉट शी वॉज ओके विथ इट, काकू. शी वॉज सो काम. आय थॉट शी वॉज ओके विथ लीव्हिंग मी."

ऐकलंस? तुझ्या पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून तू तोंड हसरं ठेवलंस, नकला केल्यास, डिसेंबरातला बीच ठरवलास. आणि ती ते सगळं खरं समजली. तिला वाटलं, आईला आपल्याला सोडून जाताना काही वाटलंच नाही. हे घेऊन ती माझ्यासमोरून "एक्सक्यूज मी" करत हिंडत होती, आणि मी समजत होते, ती माझ्यावर चिडलीय.

बूस्टर मी इंजिनावर ठेवून दिला आणि पलीकडे जाऊन फरशीवर बसले. ती आतच होती, बाहेर यायला तयार नव्हती. तिचे पायच तेवढे हाताला लागत होते, ते मांडीवर घेऊन बसले. तिने हुंदके दिले तेव्हा बूट माझ्या पोटाला लागत होते. कधीतरी भाऊजी दारात येऊन उभे राहिले. त्यांना मी हाताने थांबा म्हटलं, तर ते थांबले नाहीत, येऊन माझ्या शेजारी खाली बसले. गॅरेज उघडवत नव्हतं त्यांना.  मग दुपारी आम्ही दोघींनी बूस्टर बसवला.

ताई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तुझी आठवण येत नाही असा एक तास जात नाही. दोन्ही मी एकदमच घेऊन फिरतेय. मला या देशात गाडी चालवायला तू शिकवलंस, मूल होईना तेव्हाची माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वर्षं तू माझ्याबरोबर काढलीस आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. तुझा शब्द मला कधी मोडवला नाही. हा एक मोडतेय.

पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा सुरू होतेय. काल निघताना तिने विचारलं, आईने आणखी काय सांगितलं होतं? मी म्हटलं, उद्या ये, जेवायलाच ये. ती आता येईल. तिला जे जे ऐकायचं आहे ते सगळं आज सांगणार आहे. परीक्षेच्या आधी.